मुखदर्शनवाले काका

समोर उभ्या राहिलेल्या माणसाचं तोंड पाहिल्याशिवाय काकांनी कधी लाईट सोडली नाही. नारायणगावच्या बाहेर, कालव्याच्या अंगाला आमचं सबस्टेशन होतं. तिथून वाड्यावस्त्यांना जाणाऱ्या तारांवर कुठेही काम निघालं की लाईनमन आधी काकांकडे येऊन परमिट घेई. काका त्या लाईनचं हँडल ओढून ती बंद करत, हँडलला कुलूप घालत आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकत. इथपर्यंत सगळीकडे असतं तसंच. काम संपल्यावर मात्र लाईनमनने स्वतः परत यायचं, काकांच्या पुढ्यात उभं राहायचं, काकांनी त्याच्याकडे नीट बघायचं, आणि मगच ती किल्ली खिशातून निघायची. पाच-सहा मैलांवरून सायकल हाणत आलेला माणूस घामाघूम झालेला असे. काका त्याला आधी माठातलं पाणी देत. तोवर तिकडे पिठाची गिरणी, द्राक्षबागांच्या मोटारी, बर्फाचा कारखाना, सगळं थांबलेलं.

चौकातल्या किराणा दुकानाचे शेठ मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या, मराठी आमच्यासारखंच. लाईनमन त्यांच्याच दुकानातून काकांना फोन करून बघायचे आणि नकार ऐकून सायकलवर बसायचे. शेठ एकदा सबस्टेशनात येऊन म्हणाले, "काका, देवसुद्धा गर्दीच्या दिवशी लांबून मुखदर्शनावर भागवतो. तुमचं त्याच्याही वर." काका हसले. पण त्या दिवसापासून त्यांचं नाव मुखदर्शनवाले काका पडलं, आणि सबस्टेशनाकडे निघालेल्या लाईनमनला पानटपरीवरची पोरं 'नारळ घेतला का' म्हणून विचारू लागली.

तुमच्या गावाजवळ सबस्टेशन असेल तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बाहेरून जाणाऱ्याला ते सगळं सारखंच दिसतं: जाळीचं कुंपण, आत पसरलेली खडी, लोखंडी सांगाडे आणि दिवसरात्र चालणारी ती घूंऽऽ. काकांना ती घूं ऐकू येत नसे; थांबली तरच ऐकू येई. खडीत गवताची काडी उगवलेली त्यांना खपायची नाही, पण कुंपणाबाहेर त्यांनी स्वतः कडुनिंब लावले होते. ड्युटी संपली की ते त्या निंबाखाली बसून शेंगा खात आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. टोमॅटोच्या दिवसांत बाजारातून परतणारे जीपवाले हॉर्न वाजवून विचारत, लाईट कधी येणार. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "आली की दिसंल."

मी तिथे नव्वदीच्या दशकात ऑपरेटर म्हणून लागलो. आधी टेंपरवारी. काकांच्या हाताखाली शिकलो. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, की तोंड बघण्याचा हा नेम कसा पडला, कुणाचा अपघात झाला होता का. मला वाटलं होतं, एखादी भयंकर गोष्ट ऐकायला मिळेल. काका म्हणाले, "माझ्या हातनं कुनाला काय झालं न्हाई. व्हऊन मंग नेम करायचा का?" थोड्या वेळाने त्यांनी आणखी सांगितलं, ते मी अजून विसरलेलो नाही. "फोनवर मानूस आपलं बोलत न्हाई. शेजारी जो उभा आसतो ना, त्याच्या घाईनं बोलतो."

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला आजही अवघड होतं. काका पुढे माझे सासरे झाले. पण तसं व्हायचं नव्हतं. त्यांच्या मुलीचं, संगीताचं, दुसरीकडे ठरलं होतं, आणि ते मोडलं ते या मुखदर्शनापायीच. तो दिवस मी जवळून पाहिला आहे.

संगीता बारावी झाली होती. काकांची सकाळपाळी असली की कालव्यापलीकडच्या वाडीवरून ती सायकलवर डबा घेऊन येई. कुंपणाच्या आत यायची तिला परवानगी नव्हती, म्हणून फाटकाशी जाऊन डबा मी घ्यायचो. आमचं बोलणं म्हणजे, "भाजी सांडंल, सरळ धरा," एवढंच. पण डबा यायची वेळ झाली की मी केस विंचरायचो. काकांना हे दिसत असणार, असं आज वाटतं. सोयरीक होण्यासारखी होती, पण माझी नोकरी कच्ची होती, घरी खाणारी तोंडं पुष्कळ होती, आणि ज्याने विश्वासाने जवळ केलं त्याच्याच घराकडे अशा नजरेने बघतो याची मला लाज वाटे. म्हणून मी गप्प राहिलो. मग एक दिवस काकांनी खुशीत पेढा हातावर ठेवला. पेठच्या एका बऱ्या घरातलं स्थळ होतं, मुलगा मंचरला नोकरीला होता. मी पेढा खाल्ला आणि म्हणालो, छान झालं.

साखरपुडा काकांच्या दारातच होता, माघातल्या एका संध्याकाळी. त्या दिवशी काकांची ड्युटी चारला संपत होती आणि त्यांना सोडवायला मी येणार होतो. सकाळीच वाडीच्या लाईनचं काम निघालं. दगडूभाऊ लाईनमनने परमिट घेतलं. तासा-दोन तासांचं काम म्हणून काकांनी दिलं. त्यांचं स्वतःचं घर त्याच लाईनवर होतं. पाहुणे यायच्या आत लाईट येईल, असा हिशेब होता.

मी चारला पोहोचलो तेव्हा काका इस्त्रीचा सदरा घालून, फेटा टेबलावर ठेवून बसले होते. दगडूभाऊ आलेला नव्हता. मी म्हणालो, काका, तुम्ही निघा, दगडूभाऊ आला की मी बघतो. काका म्हणाले, "त्याला जाताना तू बघितलंस का? मंग येताना तू काय वळखनार? ज्यानं लाईन दिली त्यानंच घ्यायची." किल्ली त्यांच्या खिशात होती आणि ती त्यांनी मला दिली नाही.

आम्ही दोघं वाट बघत बसलो. सहा वाजत आले तेव्हा फोन वाजला. वाडीतल्या दुकानातून दगडूभाऊ बोलत होता. मी काकांजवळच उभा होतो, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येत होतं. दगडूभाऊचं काम लांबत गेलं होतं, पण चारच्या सुमारास संपलं होतं. शेवटचा खांब वाडीजवळ होता. साखरपुड्याचं आमंत्रण त्यालाही होतं. त्याने विचार केला, काका आता घरीच यायचे, आपण कशाला उलटं जायचं? तिथेच त्यांना तोंड दाखवू. म्हणून तो हातपाय धुऊन, टोपी घालून काकांच्या मांडवात काकांची वाट बघत बसला होता. आणि काका सबस्टेशनात त्याची वाट बघत बसले होते.

"काम झालंय काका, सोडा लाईट," दगडूभाऊ म्हणाला.

"तू कुठंय?"

"तुमच्या दाराम्होरल्या दुकानात की. समदी पावनं बसल्यात. पानी न्हाई, माईक न्हाई. शूटिंगवाला आलाय मंचरचा, त्याचा दिवा लागंना."

"शेजारी कोन उभंय तुझ्या?"

"नवरदेवाचं चुलतं हायेत."

"मंग ठेव फोन आन् ये इकडं."

"काका, आवो तुमच्याच पोरीचं..."

"ये म्हनलं ना," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "सुभाष, तुझी लुना घे. तो सायकलवर निघालेला आसंल. रस्त्यात भेटंल तिथनं त्याला आन."

मी निघालो. दगडूभाऊ रस्त्यात भेटेल म्हणून समोरून येणारी प्रत्येक सायकल बघत गेलो. तो भेटला नाही. शेवटी वाडीत काकांच्या घरी पोहोचलो. अंधार पडायला लागला होता. मांडवात पेठची मंडळी गप्प बसली होती. नवरदेवाचे वडील मोठ्याने कुणाला तरी म्हणाले, "पोरीचा बाप लाईटवाला, आन् दारात चिमनी." दोघंचौघं हसले. काकांच्या घरचं कुणी हसलं नाही. दगडूभाऊ मागच्या दाराशी ताट पुढ्यात घेऊन जेवत होता. मला बघून तो उठला, हात धुतले आणि लुनावर मागे बसला.

आणि इथे माझी गोष्ट येते. परतताना कालव्याच्या रस्त्यावर पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला, दोन ट्रेलरचा. कारखान्याचे दिवस होते, असे ट्रॅक्टर रोज लागायचे आणि मी रोज त्यांना बाजूच्या मातीतून गाठून पुढे काढायचो. त्या दिवशी मी काढली नाही लुना. ट्रॅक्टरच्या मागे, उसाची पाचट तोंडावर घेत, हळूहळू येत राहिलो. दगडूभाऊ मागून म्हणत होता, काढ की पोरा. मी म्हणालो, मागं माणूस बसलाय, माती मऊ आहे. माती मऊ नव्हती.

आम्ही पोहोचलो. दगडूभाऊ काकांसमोर उभा राहिला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, नेहमीइतकंच, कमी नाही आणि जास्त नाही. "समदं मोकळं हाय?" "व्हय काका." काकांनी त्याला माठातलं पाणी दिलं. तो पाणी पीत होता तेवढ्यात त्यांनी कुलूप काढलं, हँडल टाकलं आणि मला चार्ज दिला. मग फेटा काखेत धरून ते माझ्या लुनावर बसून निघाले. त्यांना लुना धड चालवता येत नव्हती.

ते घरी पोहोचले तेव्हा मांडवात दिवे लागले होते आणि पेठची मंडळी निघून गेली होती. दिव्यांच्या माळा, माईक, पंखे, सगळं चालू, आणि मांडव रिकामा. हे मला दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं. ऐकताना माझ्या आत काहीतरी हललं, आणि ते दुःख नव्हतं. एवढं लिहितो आणि पुढे जातो.

चार दिवसांनी काका मला म्हणाले, चल, पेठला जाऊ, तू समदं बघितलंयस. आम्ही एसटीने गेलो. नवरदेवाचे वडील वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. भावकीसमोर त्यांचा अपमान झाला होता, पण मुलगी सगळ्यांना पसंत होती. त्यांनी विचारलं, "लाईनीवर कोन व्हतं का त्या टायमाला?"

"कोन न्हवतं," काका म्हणाले.

"मंग? एका मान्साच्या तोंडापायी आमी समदी अंधारात बसलो."

"कोन न्हवतं, हे आता कळालंय. आन् पावनं, अंधारात बसलेली मान्सं उठून घरी तरी गेली."

त्या गृहस्थांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "तुमी येवढंच म्हना, की चुकलं. भावकीला मी सांगतो. पोरांचं पुढं जाऊ द्या."

काकांनी हात जोडले. मी त्यांना कुणापुढे हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं. "पावन्यांच्या पाया पडायला मी दारात न्हवतो, ते चुकलं. पानी न्हवतं, ते चुकलं. अंधारात बसवलं, तेबी चुकलं. समद्याची माफी मागतो. पर लाईट सोडली न्हाई ते चुकलं, आसं म्हनलो, तर उद्या सकाळी मला परत त्याच खुर्चीत बसायचंय."

मी बाजूला बसलो होतो. लुना मी हळू आणली, नाहीतर हे मांडवात वेळेवर आले असते, एवढं वाक्य मला तिथे बोलता आलं असतं. त्याने जमलंही असतं. मी चहा पीत राहिलो.

परतताना एसटीत काका खिडकीशी बसले होते. मंचर गेलं, कळंब गेलं. नारायणगाव आल्यावर म्हणाले, "संगीताला काय सांगू रे?" वाडीत लोक महिनाभर बोलत होते, बापाने पोरीपेक्षा हँडल मोठं मानलं म्हणून. काकू बरेच दिवस त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत. संगीताने मात्र डबा आणायचं थांबवलं नाही. आणि काकांनी तोंड बघायचं थांबवलं नाही. दगडूभाऊ तर त्यानंतर काम झालं की जेवायलासुद्धा थांबायचा नाही, सरळ सबस्टेशन गाठायचा.

दोन वर्षांनी मी कायम झालो. माझे वडील काकांकडे गेले आणि रीतसर मागणी घातली. काकांनी संगीताला विचारलं, आणि मग माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाले, "साखरपुड्याला मी रजा टाकतो." त्यांनी खरोखर रजा टाकली, आणि मांडवात सगळ्यांच्या आधी येऊन बसले. लग्नानंतरही मी त्यांना काकाच म्हणत राहिलो. त्यांनी मला जावई म्हणून वेगळं असं कधी वागवलं नाही. सबस्टेशनात माझं काही चुकलं तर सगळ्यांसमोर बोलत, आणि घरी आलो की शेंगा पुढे करत.

संसार चांगला झाला. मुलगी झाली. पण जितकं चांगलं चालायचं तितका तो उसाचा ट्रॅक्टर मला जास्त आठवायचा. कालव्याच्या रस्त्यावर आजही ट्रेलर पुढे असला की मी गाडी मागे ठेवू शकत नाही. पुढे काढतो, कधीकधी काढू नये तिथेही काढतो, आणि संगीता ओरडते. ती सुखी आहे, हे मला दिसत होतं. पण तिच्याकडून एक गोष्ट मी न विचारता घेतली होती, आणि काकांची मान पेठच्या त्या ओसरीवर माझ्यामुळे खाली गेली होती.

काका निवृत्त झाले तेव्हा लोडशेडिंगचे दिवस सुरू झाले होते. लाईट जाण्याच्या वेळा पेपरात येऊ लागल्या. लाईनमनच्या खिशात मोबाईल आले. नवे ऑपरेटर मोबाईलवरच परमिट परत घेत. मी मात्र माझ्या पाळीत तोंड बघत राहिलो. लोक वैतागायचे. कुणी म्हणायचं, सासऱ्याचा वारसा चालवतोय. मी ते ऐकून घेई, कारण वारसा म्हणावं इतका स्वच्छ मी नव्हतो.

एका दुपारी, लाईट गेलेली असताना, मी काकांना सगळं सांगून टाकलं. ते सबस्टेशनाबाहेरच्या त्यांच्या निंबाखाली बसले होते. निवृत्तीनंतरही ते तिथेच येत. मी ट्रॅक्टरचं सांगितलं, मऊ नसलेल्या मातीचं सांगितलं, पेठला गप्प बसल्याचं सांगितलं. ते शेंगा फोडत ऐकत होते. मला वाटलं, रागावतील, किंवा निदान उठून जातील.

"संगीताला सांगितलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग मला कशाला सांगतोस?" असं म्हणून त्यांनी सोललेल्या शेंगांचे दाणे माझ्या हातावर ठेवले. त्यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मी संगीताला सांगितलं नाही. रोज उद्यावर ढकलत गेलो.

काका गेले ते थोड्याच दिवसांच्या आजारपणात. शेवटपर्यंत शुद्धीवर होते. त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा तालुक्यातले निवृत्त झालेले लाईनमनसुद्धा आले होते. दगडूभाऊला दोन पोरांनी धरून आणलं होतं. दहाव्याचं सगळं आटोपलं, पाहुणे गेले, आणि त्या दुपारी संगीता माहेरच्या पडवीत भांडी पुसत बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि सांगितलं. जसं काकांना सांगितलं होतं तसंच, काही कमी न करता. काय होईल ते होवो, आता हे पुढे न्यायचं नाही, एवढंच मनात होतं.

तिचा हात थांबला. पुसत असलेला तांब्या तिने मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "दगडूभाऊ फोन करून आले आणि लगेच सायकल काढत होते. सकाळपासून उपाशी होते ते. मी आत नटून बसले होते, खिडकीतून बघितलं. उठून बाहेर आले आणि म्हटलं, भाऊ, जेवल्याशिवाय जायचं नाही. ते नको नको म्हणत होते. मीच ताट वाढलं. नुसतं त्यांच्या भुकेसाठी वाढलं असं नाही. ते उठायला लागले की मी आणखी एक पुरी वाढत होते."

अंगणात कुणीतरी मांडवाचे बांबू सोडत होतं.

"आण्णांना तुम्ही सांगितलं होतं म्हणता," ती म्हणाली; काकांना ती आण्णा म्हणे. "ते काय म्हणाले?"

"तुला सांगितलं का, असं विचारलं."

संगीताने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. रडतही होती, पण हसत होती. "मी बाळंतपणाला इथं होते ना, तेव्हाच सांगितलं मी त्यांना. पोर मांडीवर होती. मला म्हणाले, सुभाषला सांगितलंस का?"

म्हणजे मी निंबाखाली बसून बोलत होतो तेव्हा तिचं सगळं त्यांना आधीच माहीत होतं. दोघांपायी त्यांनी पेठला हात जोडले होते, आणि दोघांचं त्यांनी दोघांपासून राखून ठेवलं होतं.

"एका शब्दाने तरी सांगायचं मला," मी म्हणालो. "इतकी वर्षं मी..."

"ते कसं सांगतील?" संगीता म्हणाली आणि तिने पुसायला पुढचं भांडं घेतलं. "ते आपल्या दोघांचं होतं."